गडूतला घाम

मी तेव्हा गावोगाव देवीची लस टोचत फिरायचो. एका वैशाखात कोरीटला गेलो, तिथे तो दिसला. पाचेक वर्षांचा असेल. विरळ, पिंगट केस, तोंडात दोनच दात आणि तेही सुळ्यासारखे. हातात पितळी गडू. टोचून घ्यायला माझ्यापुढे बसला आणि आधी गडू स्वतःच्या डोक्यावर रिकामा केला. माझे कागद भिजले. मी खेकसलो. तो घाबरला नाही. माझी समजूत घालावी तसं म्हणाला, "भाऊ, माले घाम येस नही. मन्हा घाम ह्या गडूमा शे."

"जनमपासून असाच शे," त्याची आई म्हणाली. "वला नही ठेवा ते आंगमा ताप भरस."

मी त्याचा दंड धरला. तेवढ्यात तो सुकला होता आणि तव्यासारखा तापला होता.

टोचून झाल्यावर तो निघाला. विहीर लांब होती, पाणी बायांच्या डोक्यावरून यायचं, तरी चार-चार घरांआड एका ओट्यावर त्याच्यासाठी डेरा भरलेला होता. तो गडू बुडवायचा, डोक्यावर ओतायचा आणि भर उन्हात पुढे चालायचा.

माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. पुसायला रुमाल काढला होता, तो तसाच खिशात ठेवला.