सहाव्या शेगडीचं मीठ

गुहागरहून सोलापूरला कुणी हौसेनं जात नाही. मीही गेलो नसतो. पण आमच्या गावात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येऊन राहिली आहेत, आणि त्यांना धरून सगळ्यांची मिळून एक खानावळ काढावी असं ग्रामसभेत ठरलं. ठरलं म्हणजे कुणी नको म्हटलं नाही. तशी एक सोलापुरात चालते असं कळलं होतं. ती बघून यायला माणूस हवा होता, आणि बाकी सगळ्यांच्या बागेत फवारणी सुरू होती. माझ्याकडे बाग नाही, त्यामुळे अभ्यासदौरा माझ्या वाट्याला आला.

पुण्यापासून गाडीत खिडकी मिळाली. माढ्याच्या आसपास उसाचे फड लागले, मग बराच वेळ काहीच लागलं नाही. समोरच्या गृहस्थांना विचारलं, "इकडे बघण्यासारखं काय आहे?" त्यांनी बाहेर बघून विचार केला आणि म्हणाले, "ऊन हाय की."

ते खरं निघालं. स्टेशनाबाहेर पडताच त्या उन्हानं माझा ताबा घेतला. एका खानावळीत शिरून मी कडक भाकरी मागवली. इतकं ऐकलं होतं तिच्याविषयी! पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. मी ती बिस्किटासारखी चावली. डाव्या दाढेवर बसवलेली टोपी निघून हातात आली. वाढणारा माणूस शांतपणे म्हणाला, "चावायची न्हाय ओ, कालवणात चुरायची." मग त्यानं शेंगाचटणी (शेंगदाणे कुटून केलेली चटणी) वाढली आणि तीही उजव्या बाजूनं खायला सांगितलं. टोपी मी रुमालात बांधली आणि रविवारी सकाळी खानावळ बघायला गेलो.

शहराच्या पूर्व भागात विणकरांची वस्ती आहे. तेलंगणातून आलेल्या कुटुंबांची इथे तिसरी-चौथी पिढी नांदते. घराघरांतून यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, आणि तो चालू असताना माणसं एकमेकांशी अगदी सहज बोलतात. मला मात्र प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागलं. माग विकून रिकाम्या झालेल्या एका लांबट शेडमध्ये ती खानावळ होती. भिंतीलगत ओळीनं शेगड्या, मधे जेवायला सतरंज्या.

खानावळ चालवतात सुनंदाताई. एका दवाखान्यात नोकरी करतात, रविवारी इथे असतात. त्यांचे वडील माढ्याकडून मजुरीला शहरात आले आणि बुद्धनगरी या दलित वस्तीतल्या एका खोलीत राहिले. "तवा आमाला कोण जेवायला बोलवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मीच बोलवायला लागले." एवढं बोलून त्या कांदे मोजून घ्यायला निघून गेल्या.

बाहेरून शहरात आलेल्या कामगारांना स्वस्तात घरचं जेवण मिळावं, बायकांना त्यातून कमाई व्हावी, धान्य शेतकऱ्याकडून थेट यावं, म्हणून हा सगळा खटाटोप. ज्वारी मंगळवेढ्याची, भाजी होटगीकडची. प्रत्येक शेगडीवर एका घरचं भांडं, आणि मिळकतीची सगळ्यांत सारखी वाटणी. सुरुवातीला हे काही चाललं नाही. जेवणारा आला की आधी विचारायचा, "हे कुणाच्या हातचं?" मग आपल्या माणसाच्या भांड्याकडे जायचा. एक भांडं संपायचं, दुसरं तसंच राहायचं.

तेव्हा सुनंदाताईंनी नियम केला. स्वयंपाक जिचा तिनं करायचा, पण मीठ तिनं घालायचं नाही. डावीकडच्या शेगडीवालीनं उजवीकडच्या भांड्यात घालायचं. पानात वरून मीठ मिळणार नाही. त्यामुळे हे कुणाच्या हातचं, याला उत्तरच उरलं नाही. मी असले प्रश्न सोडवायला नेमलेल्या समित्या पाहिल्या आहेत. त्यांना इतकं थोडक्यात आवरलेलं नाही.

त्या दिवशी पाच शेगड्यांच्या पुढे एक सहावी मांडली होती. तिच्यापाशी साबित्री उभी होती. ओडिशाची, तिशीतली. नवरा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. ती गावाकडच्या कामगारांना घरी रांधून घालायची, पण घरमालकानं खोलीत चूल पेटवायला मनाई केली आणि तिचं काम बसलं. इथे जागा मिळाली तर ठीक, नाहीतर गावी परत, असं तिच्या घरी ठरलं होतं. सुनंदाताईंनी तिला सांगितलं होतं, "भांडं ठेव. मीठ पडलं तर शेगडी तुझी."

मीठ घालायची पाळी होती पाचव्या शेगडीच्या पद्माक्कांची. पद्माक्का तेलुगू. साठीच्या पुढच्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात माप. त्यांची आमटी संपल्याशिवाय त्या शेडमधून कुणी उठत नाही म्हणे.

साबित्रीनं झाकण काढलं. आत पखाळ होता, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवून आंबवलेला भात. बाजूला भाजलेलं वांगं आणि कांदा. पद्माक्कांनी एकदा डोकावून पाहिलं आणि मिठाचा डबा खाली ठेवला.

"ह्ये घरात खायाचं असतंय," त्या म्हणाल्या. "लोकांम्होरं मांडायचं नसतंय."

"अक्का, पाळी तुमची हाय," सुनंदाताई म्हणाल्या.

"पाळी हाय, व्हय. पन मी न्हाय घालणार."

दुसऱ्या शेगडीवरच्या शमीमबी म्हणाल्या, "डाल दो ना अक्का, एक मुठ्ठी का तो सवाल है." पद्माक्कांनी ऐकलं नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाला घालता येत नव्हतं. साबित्रीला मराठी फारसं येत नव्हतं, पण खाली ठेवलेला डबा तिला दिसत होता. तिनं पदरानं भांड्याची कड पुसली. ती स्वच्छच होती.

माणसं आली. कारखान्यातले ओडिशाचे कामगार सरळ सहाव्या शेगडीशी जाऊन बसले. साबित्रीनं वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि मान खाली घालून खात राहिले. माझ्या दाढेला शेडमध्ये मऊ असं ते एकच अन्न होतं, म्हणून मीही पान पुढे केलं. एक घास खाल्ला. कोकणातल्या माणसाला पेज पोटात जायच्या आधी कळते.

"अळणी आहे," मी म्हटलं.

मागांच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानं म्हटलं. तेवढ्यात शेजारचे माग बंद झाले होते. सगळ्या शेडनं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साबित्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि झाकण हातात घेतलं, भांडं झाकायला.

"थांब," पद्माक्का म्हणाल्या.

त्या समोर जेवणाऱ्या कामगारांकडे बघत होत्या. ती माणसं तो अळणी भात बोटं चाटून संपवत होती. पद्माक्का उठल्या, डबा घेऊन सहाव्या शेगडीशी आल्या, मूठभर मीठ घातलं आणि हातानंच ढवळलं. कुणाला विचारलं नाही किती ते. मग थोडं तळहातावर घेऊन चाखलं.

"सद्दन्नम् म्हणतो आमी ह्येला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "माझी आई ह्येच खाऊन मागावर बसायची. सकाळ-संध्याकाळ ह्येच. कुणी आलं की गाडगं खाटेखाली सारायची. मी माझ्या लेकरांना कदी दावलंच न्हाय." मग साबित्रीकडे वळून त्या ओरडल्याच, "दही कुटंय? दह्याबिगर का खात्यात ह्ये? उद्यापास्नं दही घालायचं!"

साबित्रीला त्यातलं फक्त दही कळलं. ती रडायला लागली. पद्माक्कांनी एक पान ओढलं आणि सगळ्यांसमोर सतरंजीवर बसल्या. त्यांनी तीनदा वाढून घेतलं. मला वाईट वाटलं, कारण माझ्यासाठी उरलं नाही.

परतीच्या गाडीत भाकऱ्यांचं एक पुडकं मांडीवर होतं आणि दाढेची टोपी खिशात. ग्रामसभेत मी सगळं सांगितलं. मिठाचा नियम सर्वांना आवडला. विचार करू म्हणाले.

आमच्या कुंपणापलीकडच्या बागेत नेपाळची माया राहते. गावातून जाणाऱ्या निम्म्या आंब्यांना पेटीत भरताना तिचा हात लागतो. तो हात आमच्या चुलीपर्यंत मात्र कधी आला नव्हता, आणि यात काही चुकतंय असं मला सोलापूरला जाईपर्यंत वाटलंही नव्हतं. रविवारी आमटी उकळली, बायको मिठाच्या बरणीकडे वळली. मी म्हटलं, थांब जरा. कुंपणाशी जाऊन हाक मारली.

माया आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत ये म्हटलं, तेव्हा आली. बरणी हातात घेऊन विचारलं, "किती घालू, काका?"

"तुझ्या हातानं पडेल तेवढं."

आमटी खारट झाली. आम्ही दोघांनी दोनदा वाढून घेतली.