मैनुद्दीनभाईंनी भिंतीवर लावलेली काच

आमच्या प्रौढ वर्गात कल्याणीबाईंनी ज्वालामुखीचा धडा शिकवला. ज्या टेकडीच्या उतारावर आमची वस्ती आहे, तिचा काळा दगडही फार पूर्वी लाव्हा थंड होऊन झाला आहे. जिवंत ज्वालामुखीजवळ जेथे गावे आहेत, तेथे शास्त्रज्ञ यंत्रांनी डोंगराची हालचाल पाहतात. तरीही तो नेमका कधी फुटेल, हे सांगता येत नाही. धडा ऐकताना मला आमचे मैनुद्दीनभाई आठवले. त्यांच्याविषयी मी लिहीत आहे.

मैनुद्दीनभाई यांचे मंडईमागे तसबिरींना काच बसवण्याचे दुकान आहे. घर आमच्याच वस्तीत, उताराच्या तळाशी आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अभियंता मॅडम घरांमागच्या, उताराची माती अडवणाऱ्या दगडी भिंती पाहण्यास आल्या होत्या. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने आडवी बसवावी, भिंत सरकली तर काच तडकते, असे त्यांनी दाखवले. मॅडम पुन्हा आल्या नाहीत. भाईंनी मात्र दुकानातल्या काचेच्या पट्ट्या सर्वांच्या भिंतींवर बसवल्या आणि ते काम पुढेही सोडले नाही. पावसाळ्यात दर शुक्रवारी नमाजानंतर ते सर्वांच्या पट्ट्या पाहतात.

यंदा ज्येष्ठातील शेवटच्या मुहूर्तावर वस्तीतल्या चंपाताईंच्या मुलीचे, पूर्णिमेचे लग्न होते. आदल्या दिवशी, शुक्रवारी, हळद होती. पाऊस थांबत नव्हता. भाई चंपाताईंच्या स्वयंपाकघरामागच्या बोळात गेले आणि लगेच परतले.

“चंपाताई, ही काच माझी नाही. माझ्या काचेच्या कडा घासलेल्या असतात.”

“अहो भाई, तुमची तडकली होती. हळदीच्या घरात फुटकी काच ठेवतात का? मी काढली आणि फोटोची चांगली काच डिंकाने चिकटवली.”

“ताई, घर रिकामं करा. हळद आमच्या अंगणातल्या पत्र्याखाली लावा, तिथे मागं भिंत नाही.”

लोणी काळभोरहून आलेले चंपाताईंचे भाऊ बजरंग हसले. “भाई, लग्नाचा मुहूर्त गुरुजींनी काढला. भिंत पडायचा तुम्ही काढलाय व्हय?”

“तो काढता येत नाही, म्हणून तर आत्ता सांगतोय.”

“आन् नाय पडली तर?”

“तर उद्या पंगतीत हसा मला. मी जेवायला येणारच आहे.”

हळदीचा पाट मध्येच हलवणे चंपाताईंना अशुभ वाटत होते. त्या रडू लागल्या. तेव्हा पूर्णिमाच उठली. “मामा, पाट उचला. आई, हळद तिथेही पिवळीच असते.”

लग्न पार पडले. भिंत उभीच होती. पंगतीत बजरंग म्हणाले, “भाई, जिलबी घ्या. भिंतीलाबी धाडू का दोन?” भाईंनी जिलबी घेतली.

सासरी निघताना पूर्णिमेने आईकडून शब्द घेतला, की पाऊस उघडेपर्यंत घरी राहायचे नाही. त्याच आठवड्यात एका दुपारी भिंत कोसळली. स्वयंपाकघर ओट्याच्या वरपर्यंत चिखलाने भरले. घरात कोणी नव्हते.

ढिगारा उपसण्यास बजरंग आले. त्यांना चिखलात ती फोटोची काच सापडली. “भाई, ही तर फुटलीच नाय.”

“डिंक पावसानं सुटला असेल,” भाई म्हणाले. “सिमेंटनं बसवली असती, तर पुन्हा तडकली असती.”

आता शुक्रवारी भाईंबरोबर चंपाताईही फिरतात. गेल्या शुक्रवारी आमच्या भिंतीवरची पट्टी तडकलेली दिसली. माझी सून ती काढू लागली, तेव्हा चंपाताई तिच्यावर ओरडल्या, “हात लावू नकोस! आधी अंथरुणं बाहेर काढ.”

आम्ही सध्या शाळेच्या खोलीत राहतो. हे तेथेच लिहिले आहे.