दादाची बिनझाळाची होडी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कथील वितळल्याचा वास आला आणि दादाचा दहावा आठवला.

दादा आणि काका तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या शर्यतीच्या होड्या बनवत, आत मेणबत्ती पेटवून वाफेच्या जोरावर विहिरीच्या हौदात पळवत. दादा कायम हरायचा. नव्या होडीचा सांधा कथलानं झाळायचा राहिला आणि दादा तापानं गेला.

दुसरबीडला नदीवर आम्ही पिंडाला घेरून उभे होतो. आईनं, वहिनीनं नाना वचनं दिली, तरी कावळा शिवेना. शेवटी काकानं त्या होडीतली मेणबत्ती पेटवून ती पाण्यात सोडली. "जाय बापा, आज तूच पयला!"

सगळे काठाकडे धावले. होडी जराशी पळाली, सांध्यातून पाणी शिरून बुडाली. मागं कावळा शिवला.

"सुटलं माह्यं लेकरू," आई रडली.

आता वाटतं, कावळ्याला दादाचं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही पिंडापासून हललो, एवढंच.