अक्कांची सातरंगी

रविवार, आठ फेब्रुवारी. आज नखांचं काम काढलं होतं. स्वयंपाक उरकून गच्चीच्या पायरीवर बसले. समोर कोमट पाण्याचं पातेलं, नेलकटर, नखं घासायची कानस, औषधाच्या दुकानातून आणलेला कापसाचा पुडा आणि अक्कांची नेलपॉलिशची बाटली. ती दीड महिना माझ्या कपाटात पडून होती. बाटली असेल तर ती वापरावी, नाहीतर टाकावी, असं माझं मत. टाकवत नव्हती, म्हणून वापरायला बसले.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही नोकरीमुळे शहाद्यात, त्या कळसाडीला शेत बघायच्या. डिसेंबरच्या शेवटी, कापसाची वेचणी चालू असताना, पाणी प्यायला म्हणून बांधावर बसल्या त्या उठल्या नाहीत. मी शाळेत पेपर तपासत होते. फोनवर पुतण्या "काकू, लवकर ये" एवढंच म्हणाला आणि मी लाल पेनाला टोपण लावलं... काय झालं ते विचारलं नाही.

वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचणाऱ्या बाईच्या नखांच्या कडा दिवाळीपासून होळीपर्यंत सोललेल्याच राहतात. अक्कांच्याही असायच्या. पण संध्याकाळी वावरातून आल्या, की चहाच्या आधी त्या लिंबाची फोड घेऊन ओट्यावर बसायच्या आणि एकेक नख घासायच्या. लिंबू झोंबायचं, तोंडाने सुस्कारे चालायचे, पण दहा नखं पूर्ण झाल्याशिवाय कपाला हात लागायचा नाही. पंचवीस वर्षं मी हे पाहिलं. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

माझं उलट. मी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखं तपासायची, रंगवलेली दिसली की ऑफिसात बोलावून थिनरने पुसायची, हा नियम मीच केलेला. थिनरची बाटली माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असायची. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू शाळामा पोरीस्ना नख दखस. तुन्हा कोन दखस व?" मी हसले आणि विषय बदलला.

ती बाटली त्यांनी शहाद्याच्या बाजारात घेतली. एसटीत शेजारच्या मुलीच्या बोटांवर पाहिली, म्हणाल्या, आणि उतरल्याबरोबर तशीच शोधली. बाटलीवर होलोग्राफिक असं लिहिलेलं. अक्कांनी तिचं नाव सातरंगी ठेवलं. नवापूरला भाचीचं लग्न ठरलं होतं, एप्रिलमधलं. "लगीनमा दोन्ही जावा सातरंगी लाईसन जाऊत," त्या म्हणाल्या.

"मन्ही शाळा शे, अक्का. पोरी हासतीन."

"हासू दे. पह्यले मन्हा हातवर लावी दख."

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी कळसाडीला त्यांचा हात मांडीवर घेऊन बसले. बाहेर ट्रॅक्टरची धूळ उडत होती, म्हणून मधल्या घरात. तिथे खिडकीपर्यंत कापूस भरलेला, उजेड ट्यूबलाइटचा. खोक्यावरच्या सूचना मी वाचल्या नाहीत. आधी प्रश्न नीट वाचा, असं मुलींना रोज सांगणारी मी, नेलपॉलिशला कसल्या सूचना म्हणून एकच जाड हात दिला. दहाही नखं राखाडी दिसू लागली.

"व माय! हाई तं चुल्हानी राख शे," अक्का म्हणाल्या.

मीही वैतागले. फसवलं दुकानदाराने, म्हटलं, पुसून टाकू. लागेल म्हणून शाळेतली थिनरची बाटली पर्समधून आणली होतीच, पुसायला ढिगातला कापूस ओढला. पण वावरातून आलेला कच्चा कापूस काही शोषतच नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. थिनर त्यावरून ओघळून माझ्या साडीवर आलं आणि तंतू ओल्या नखांना चिकटून दहाही बोटांना पांढऱ्या दाढ्या आल्या. अक्का हसता हसता खोकू लागल्या. "जलम गया कापूसमा, आनि घरना कापूस एक नख पुसी नही ऱ्हायना!" शेवटी जुन्या लुगड्याच्या चिंधीने मी नऊ बोटं घासून साफ केली. दहाव्याला, डाव्या करंगळीला, त्यांनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे एक. दखू काय व्हस ते."

पुढच्या रविवारी येऊन नीट लावून देते, असं सांगून मी बाटली पर्समध्ये टाकली आणि पाचची बस पकडली. ती तशी घाईतच पकडली. तो रविवार यायच्या आत फोन आला.

अंघोळ घालायला त्यांना अंगणात आणलं तेव्हा दुपारचं ऊन थेट पडलं होतं. मी पाणी घालत होते. डावा हात उचलला आणि करंगळीवर तांबडं, हिरवं, निळं, सगळं एका ओळीत हललं. नखावर तंतू नव्हते, कोणीतरी निगुतीने एकेक उपटून काढले होते. मी तांब्या खाली ठेवला. घरात राखेसारखं दिसलेलं ते फक्त उन्हात उमटणारं होतं, आणि मी ते उन्हात न नेताच पुसलं होतं. अक्कांनी तरी पाहिलं असेल का, एवढंच मला कळायला हवं होतं... विचारायचं कुणाला? माझ्या शेजारी सखूबाई होत्या, त्यांच्या वेचणीच्या जोडीदारीण. त्यांनी माझी नजर ओळखली. "चार दिन आख्खा वावरमा दखाडत फिरनी," त्या म्हणाल्या. "मन्ही देरानीनी लाई दिधं, म्हने." देरानी, म्हणजे धाकटी जाऊ, मीच. मागून कुणी म्हणालं, तो रंग काढा. मी म्हटलं, राहू द्या. करंगळी तशीच गेली.

तर आज सूचना वाचल्या. आधी साधा थर, मग पातळ तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. डाव्या हाताने उजवी नखं रंगवणं अवघड आहे, दोनदा पुसावं लागलं. विकतच्या कापसाने मात्र काम चोख केलं. दीड तास गेला. त्याआधी लिंबाची फोडही घासून पाहिली. झोंबते. बाटली निम्मी उरली आहे, एप्रिलला पुरेल.

सोमवार, नऊ फेब्रुवारी. प्रार्थनेला मी नेहमीच्या जागी उभी राहिले, तोंडावर ऊन. हात जोडले तशी पहिली रांग गाताना अडखळली. नंतर नखं तपासली. वाढलेली होती त्यांना कापायला सांगितलं. आठवीतल्या एकीने बोटं मुठीत लपवली होती. "उघड," म्हटलं. गुलाबी रंग होता, कडेने फासलेला. "पातळ हात देत जा," एवढं सांगून पुढे गेले. ऑफिसात आल्यावर खालचा खण उघडला आणि थिनरची बाटली शिपायांकडे दिली. प्रयोगशाळेच्या फरशीवर ऑइलपेंटचे डाग कधीचे पडले आहेत, ते काढायला सांगितले.