दिवस बुडायच्या आत

ऑकलंड ते पनवेल अंतर किती, हे बाबा असताना मी कधी बघितलं नव्हतं. ते गेले त्या संध्याकाळी बघितलं. बारा हजार किलोमीटरच्या वर, दोनदा विमान बदलून जवळजवळ अख्खा दिवस. धाकटा भाऊ तिकडे नोकरीला. "मी येईपर्यंत बाबांना नेऊ नका," एवढंच तो रडत रडत म्हणाला. मी लगेच शब्द देऊन बसले. घरातल्या कुणाला विचारलंही नाही.

बाबांना काचेच्या थंड पेटीत ठेवलं होतं. पेटी घरघरायची, मध्येच गप्प व्हायची, आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. काचेवर दव धरायचं. आई ते पदराने पुसायची आणि आतल्या चेहऱ्याला सांगायची, "पोर येतंय, जरा दम धरा." रात्रभर मला वाटत राहिलं की बाबा खरंच दम धरून आहेत. त्या पेटीकडे पाठ करून बसायची माझी हिंमत होईना.

आमच्यात मयत घरात असेपर्यंत आळीत चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलते जवळ येऊन बसले. "बाय, आळीतली पोरं उपाशी हायत. दिवस बुडायच्या आत उचलायला पायजे. दुसरी रात घरात ठेवायची नाय."

"येतोय तो! मी फोनवर बघतेय ना!" मी खेकसले. म्हाताऱ्या माणसावर खेकसले, पण मला तेव्हा कशाचंच भान नव्हतं.

आमचं जुनं गाव नव्या विमानतळात गेलं. धावपट्टी आपल्या ओटीवरून जाते, असं बाबा थट्टेने म्हणायचे. "इमानवाल्यांना सांगा, वहाणा काढून उतरा." स्वतः ते विमानात कधी बसले नाहीत. भाऊ शेवटचं विमान बदलून थेट तिथेच उतरणार होता.

सूर्य टेकला तेव्हा मी गच्चीवर होते. फोनच्या नकाशावरचं त्याचं चिमुकलं विमान आणि आभाळातला दिवा एकाच जागी आले. "आला!" मी खाली ओरडले. पण विमान उतरेना. धुरकट हवेत ते कर्नाळ्याच्या सुळक्याकडे गेलं, वळलं आणि पुन्हा आमच्या डोक्यावर आलं. पुन्हा गेलं. "मेल्या, उतर की!" मी आभाळाकडे बघून किंचाळले. खाली पेटीची घरघर थांबली. मी वाट बघत राहिले, पण ती परत सुरू झाली नाही. कुणीतरी प्लग काढला होता.

मडकं चुलतभावाने धरलं. बाबांना नेल्यावर त्यांच्या जागी आईने पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. माणसं खाडीकाठच्या स्मशानाच्या वाटेला लागली तेव्हा विमान अजून वर फिरतच होतं.

भाऊ आला तेव्हा अंधार पडला होता. दारातली रिकामी पेटी त्याने बघितली. बूट काढून टोपलीशेजारी बसला. आईने दिलेलं पाणी हातात तसंच राहिलं.

"ताई, वर घिरट्या घालत होतो ना, तवा खाडीजवळ जाळ दिसला," तो म्हणाला. "शेजारच्या बाईंना खिडकीतून दाखवला मी. म्हटलं, आमच्याकडं असा पेंढा जाळतात. आलं माजं घर."