बसल्या जनावराचा पाय

माझ्या दवाखान्यातल्या तपासणीच्या बाकाची मला आता शिसारी येते. हिरवं रेक्झिन, उशाकडे तेलाचा डाग. विंझर-वेल्ह्याकडचे पेशंट वर्षानुवर्षं मी या बाकावर आडवे केले आणि आडव्या माणसाचं निदान करून मोकळी झाले.

ती मुलगी गुंजवणे गावची, एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी धरणाच्या रस्त्याने पळायची. ठरावीक अंतर गेलं की उजवी पोटरी गच्च आवळायची, पाऊल बधिर व्हायचं. दोन मिनिटं थांबलं की सगळं पहिल्यासारखं. हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. मी तिला झोपवलं, पोटरी दाबली, पावलावरची नाडी बघितली. नाडी ठणठणीत लागली. मग केळी खायला सांगितली आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

तिचे वडील दाराशी उभे होते. शेळ्या पाळणारा माणूस, चपला बाहेर काढून आलेला. ते म्हणाले, "म्याडम, बसल्या जनावराचा पाय कुणी बघत न्हाई. आमी बाजारात शेळी घेताना आधी चढाला चालवतो, मग पाय बघतो. हिला जरा पळवून बगा की."

मी हसले. नुसतं हसून थांबले असते तरी चाललं असतं. "मामा, ही काय शेळी आहे का?" असंही म्हणाले. बाहेर बसलेले दोघे-तिघे खिदळले. मुलीने मान खाली घातली.

पुढे दीड वर्ष ती येत राहिली. मी शिरांच्या ताकदीची इंजेक्शनं टोचली, शेकायला सांगितलं. एकदा तर "भरतीचं टेन्शन घेतेस तू" असं ठोकून दिलं. काही सुचलं नाही की आम्ही डॉक्टर टेन्शनवर ढकलतो. किती घाणेरडी सवय आहे ही.

मग एक दिवस ती लंगडत आली. साधा चढ चढवत नव्हता. अंगठा पांढरा, गार. "पाय जाईल का, तेवढं सांगा," म्हणाली. तेव्हा कुठे मी तिला दवाखान्याच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या. पाचव्या फेरीला ती मटकन खाली बसली. पावलावर बोट ठेवलं, तर नाडीच नाही. थोड्या वेळाने नाडी बारीकशी परत आली. गुडघा ताठ ठेवून पाऊल माझ्या तळहातावर खाली दाबायला सांगितलं, पुन्हा गायब. एवढीच तपासणी होती. पाच मिनिटांची, फुकटची.

मी तिला पुण्याला पाठवलं. तिथे पाऊल हलवायला लावून सोनोग्राफी झाली. पोटरीचा स्नायू जन्मापासूनच भलतीकडे चिकटलेला होता आणि टाच उचलली की गुडघ्यामागची रक्तवाहिनी चिमटत होता. "सुरुवातीला आली असती तर नुसता स्नायू सोडवून भागलं असतं," तिथले सर्जन म्हणाले. आता रक्तवाहिनी आतून खराब झाली होती. मांडीची शीर काढून तिथे जोडावी लागली. पाय वाचला. त्या वर्षीची भरती हुकली.

टाके निघाल्यावर वडील ताकाची किटली घेऊन आले आणि त्यांनी हात जोडले. "तुमच्यामुळं पोरीचा पाय ऱ्हायला. मी समद्या वाडीला सांगितलंय, म्याडम पळवून बघत्यात म्हनून."

खरंच, हल्ली लोक तसंच विचारत येतात. त्यांची अक्कल, नाव माझं. "मामा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," हे वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं, किटली घेतली आणि "राहू द्या हो" म्हणाले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मुलगी त्याच बाकाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होती. तिने हात जोडले नाहीत.