बाबा गाडीवर होते

आमच्या घरात इंग्रजी फॉर्म भरणारी मी एकटीच. कॉलेजात गेलेलीही मीच पहिली, त्यामुळे रेशनकार्डापासून लाइटबिलाच्या तक्रारीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. मला ते नीट जमतं असं घरच्यांना वाटतं, आणि मी तो समज कधी मोडला नाही. चूक त्यातूनच झाली.

बाबा सैन्यातून निवृत्त होऊन करी रोडच्या एका टॉवरमध्ये वॉचमन आहेत. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवाही जेमतेम. इंटरकॉमवर वरचे लोक एक सांगतात, बाबा भलतंच ऐकतात. शेवटी सुपरवायझर म्हणाला, "काका, कानाचं मशीन लावा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." माजी सैनिकांना मशीन मिळतं, पण सैन्यात काय काम केलं ते लिहून अर्ज द्यावा लागतो.

लहानपणापासून मी बाबांकडून एकच ऐकलेलं, "मी गाडीवर होतो." गाडी वाळूत रुतली, गाडीला हात लागला की चटका बसायचा, गाडीत आम्ही चौघं. माझ्या डोळ्यांसमोर हिरवा ट्रक असायचा. त्यांच्या डिस्चार्ज बुकात मात्र कामापुढे 'लोडर' लिहिलेलं. मला ते वाचून कसंसंच झालं. आमच्या डिलाईल रोडला लोडर म्हणजे टेम्पोत माल चढवणारा. वाटलं, लिहिणाऱ्याने बाबांना कमी लेखलंय. त्यांना विचारायचं तर ओरडावं लागतं, आणि चाळीत ओरडलं की सगळ्या मजल्याला कळतं. मी न विचारताच लिहिलं: ड्रायव्हर, लष्करी ट्रक.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. नोंदी जुळत नाहीत.

अर्ज घेणाऱ्या कार्यालयात गेले, तर खिडकीवरचे गृहस्थ स्वतः माजी सैनिक होते. रागावले नाहीत. "घरी विचार बेटा, कसली गाडी ते," एवढंच म्हणाले.

बाबा ड्युटीवरून येऊन कॉटवर बसले होते.

"बाबा, तुमची गाडी कसली होती?"

"काय?"

"गाडी! कसली गाडी!"

"टँक गो. टी-पंचावन्न. दुसरी कसली?"

शेजारच्या काकू दारात आल्याच. "अग्गोबाई, टँक? आणि आम्हाला इतकी वर्षं वाटतंय, मिलिटरीत भाजी पोचवायचे!"

"काय म्हणतात त्या?"

"काही नाही!"

मग बाबांनी दाखवलं. ड्रायव्हर पुढे, खाली. गनर, कमांडर. आणि चौथे ते, तोफेत गोळा भरणारे. त्यांनी पिठाचा डबा दोन हातांनी पोटाशी धरला, कमरेतून वळले आणि मिटलेल्या मुठीने हवेत काहीतरी पुढे ढकललं. "मूठ बंद हवी. बोटं उघडी ठेवलीस तर तोफेचं मागचं झाकण बंद होताना बोटं गेली." तोफ त्यांच्या डाव्या हाताला, खांद्याला लागूनच. कानावर टोपी असायची, पण घाईत सरकायची, आणि सारखी करायला हात कुठे मोकळे?

मी 'लोडर' म्हणजे हमाल समजले, हे त्यांना सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं. त्यांनी डबा खाली ठेवला. "हमालच तो," म्हणाले. "बाकी तिघं बसलेले, मी तेवढा वाकलेला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी तो रणगाडा शोधला. पानंच्या पानं आहेत. पोलाद किती जाड, तोफेचं तोंड किती रुंद, कुठल्या कुठल्या देशांनी वापरला. चौथ्या माणसाच्या कानाबद्दल काही सापडलं नाही. कदाचित मी नीट शोधलं नसेल.

नवा अर्ज 'लोडर' लिहून दिला, तो घेतला. तपासणीची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली. पहिलाच अर्ज बरोबर भरला असता तर तपासणी निदान तीन आठवडे आधी झाली असती, हा हिशेब मी रोज करते. सुपरवायझरने तोपर्यंत नोकरी ठेवली, पण इंटरकॉमवरून काढून बाबांना गाड्यांच्या गेटवर लावलं. तिथे खुर्ची नाही. बारा तास उभं राहायचं.

आता घरी येतात तेव्हा पाय सुजलेले असतात. आई मीठ घालून गरम पाणी देते. काल न राहवून मी वही काढली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाबा, गेटवर खुर्ची मिळावी म्हणून सोसायटीला अर्ज लिहू का?"

त्यांनी पाय पाण्यातून काढले नाहीत. "लिही," म्हणाले. "पण देण्याआधी मला वाचून दाखव."

मी लिहिला, आणि ओरडून वाचला. सगळ्या मजल्याने ऐकला.